वडील व्यायामाच्या वर्गाला चार दिवस जातात आणि सोडून देतात. त्यांना टिकवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की वडील ७१ वर्षांचे आहेत, कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतात, तरुणपणी तालमीत जायचे. आता गुडघे धरतात म्हणून ज्येष्ठांच्या वर्गात नाव घातलं, तर चार दिवसांत घरी बसले. मी तिथंच रंकाळा तलावाजवळ सकाळी ज्येष्ठांचा व्यायाम घेतो. असे काका माझ्याकडे बरेच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्यांना विचारा, चौथ्या दिवशी नेमकं झालं काय? बहुतेक वेळा तो आळस नसतो. सवय मोडलेलं अंग पहिल्या व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी जास्त ठणकतं, आणि माणसाला वाटतं, व्यायाम बाधला. हे आधीच सांगितलं असेल तर तो घाबरत नाही. सांधा सुजला किंवा दुखणं वाढतच गेलं, तर मात्र थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर सुरू करण्याआधीच त्यांना विचारून घ्या.

दुसरं कारण मानाचं असतं. ज्यानं लाल मातीत जोर-बैठका मारल्यात, त्याला टाळ्या वाजवत हात वर-खाली करायला लावलं तर तो कशाला येईल? मी अशांना खुर्चीच्या कडेला बसवतो. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागं, हात छातीवर, पुढं झुकून उठायचं आणि धपकन न बसता सावकाश खाली यायचं. पाच जमल्या तर पाच. नाहीच उठता आलं तर बुडाखाली घट्ट उशी घालून उंची वाढवायची. मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भार हलका होतो, आणि हे खेळणं नव्हे हे जुन्या पैलवानाला पहिल्याच दिवशी कळतं. आमच्याकडचे एक काका नुसते कडेला बसून राहायचे. त्यांना सगळ्यांच्या बैठका मोजायला सांगितल्या. आता ते चुकवत नाहीत, मोजायला दुसरं कोण आहे?

जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, २ दिवस ताकदीचा आणि ३ दिवस तोल सांभाळण्याचा सांगते. म्हणजे रंकाळ्याला नुसती फेरी मारून भागत नाही. पण हा आकडा वडिलांना आत्ता ऐकवू नका. दहा मिनिटांपासून सुरू करू दे.

खरी गळती लागते ती खंड पडल्यावर. आपल्याकडचा पाऊस, घरचं लग्न, तापाचं दुखणं, काहीही निमित्त होतं. आठवडाभर गेलं नाही की परत जायला लाज वाटते. म्हणून वर्ग निवडताना दोनच गोष्टी बघा: पावसाळ्यात छपराखाली जागा आहे का, आणि माणूस आला नाही तर कोणी फोन करतं का. आमच्यात ज्याच्या शेजारी उभं राहायचं त्यानंच दुसऱ्या दिवशी फोन करायचा, असं ठरलंय. माझ्या फोनपेक्षा त्या फोनचा जास्त उपयोग होतो. परत आलेल्याला मी पहिल्या दिवशी निम्म्यावरच थांबवतो.

तुम्ही पुण्यात आहात. रोज फोन करून "गेला होता का?" विचारू नका, ती हजेरी वाटते. "आज कोण कोण आलं होतं?" असं विचारा.