‘स्वखुशीने’ सही घेतली, तरी भरपाई मागता येते

प्रश्न : मी कुडाळ तालुक्यातली निवृत्त शिक्षिका, वय ६७. डोंबिवलीला मुलीकडे गेले होते. चतुर्थीच्या आदल्या दिवशीचं मुंबई–मोपा (गोवा) विमानाचं तिकीट मुलीनेच काढलं, सुटायची वेळ सकाळी १०.४०. वेब चेक-इन केलं, पण सीट नंबर आला नाही. ‘विमानतळावर मिळेल’ असा मेसेज आला. पावणेनऊला मी काउंटरवर होते. ‘विमान फुल झालं, उद्या दुपारी १.१५ च्या विमानाने पाठवतो,’ म्हणाले. ३,००० रुपयांचं व्हाउचर दिलं आणि एका इंग्रजी कागदावर सही घेतली. रात्री मुलीने तो वाचला, तर ‘स्वखुशीने जागा सोडली, तक्रार नाही’ असं त्यात लिहिलेलं. यजमान गेल्यानंतरचा हा आमच्या घरचा पहिला गणपती. मी पोचले तेव्हा भटजी पूजा सांगून गेलेही होते. आता सही केल्यावर काही मागता येईल का?

उत्तर : बाई, मागता येईल, आणि मागाच. चतुर्थीच्या आदल्या दिवशी गावी निघालेल्या माणसाला काउंटरवरून परत पाठवणं म्हणजे काय, हे मुंबईतल्या त्या काउंटरवर कोणाला कळलं नसेल, पण नियम त्यांना नक्की ठाऊक होता.

थोडी जास्त तिकिटं विकायला डीजीसीएच्या, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांत मुभा आहे. मात्र प्रवासी जास्त झाले तर कंपनीने आधी विचारायचं असतं, की काही सवलत घेऊन स्वतःहून थांबायला कोण तयार आहे? तसं कोणी मिळालं नाही आणि वेळेत आलेल्या, पक्कं तिकीट असलेल्या प्रवाशाला कंपनीने मागे ठेवलं, तर त्याला भरपाई द्यावी लागते. मूळ वेळेपासून एका तासाच्या आत दुसरं विमान दिलं तर काही मिळत नाही. २४ तासांच्या आत सुटणारं विमान दिलं तर मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, कमाल २०,०००. या मर्यादा १ ऑगस्ट २०१६ पासूनच्या आहेत.

आता तुमची वेळ मोजा. सकाळी १०.४० ते दुसऱ्या दिवशी दुपारी १.१५, म्हणजे २६ तास ३५ मिनिटं. कंपनी ‘दुसऱ्याच दिवशी तर पाठवलं’ म्हणेल, पण इथे तारीख नव्हे, तास मोजायचे. तुम्ही पाठवलेल्या तिकिटावर मूळ भाडं ३,४०० आणि इंधन अधिभार ५०० दिसतो. कर आणि विमानतळाचे आकार यात धरायचे नाहीत. ३,९०० ची चौपट १५,६०० रुपये. तुमच्या हातात ठेवलं काय, तर ३,००० चं व्हाउचर.

सही ही तुमची लंगडी बाजू आहे, हे लपवत नाही. सही कशावर करतोय ते आधी वाचायला हवं होतं, असं ग्राहक आयोगही म्हणू शकेल. पण तुम्ही लिहिता की कुठलीही घोषणा झाली नाही, ‘कोणी थांबेल का’ असं कोणी विचारलं नाही. मग स्वखुशी आली कुठून? घोषणा केव्हा केली, आणखी कोण थांबलं, तुम्हाला पर्याय कोणते सांगितले, याची नोंद हजर करा, अशी लेखी मागणी कंपनीकडे करा. १८७२ च्या करार कायद्यात संमती मोकळी असावी लागते. दिशाभूल करून घेतलेली संमती मोकळी नसते. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हीच सेवेतली त्रुटी ठरवली आहे. चौपट भरपाईचा हक्क आहे हे न सांगता व्हाउचर पुढे करणं, माझ्या मते, त्यातच बसतं. पैशांऐवजी व्हाउचर द्यायला प्रवाशाची लेखी मान्यता लागते, म्हणून तर तो कागद पुढे आला.

एक गोष्ट आत्ताच सांगते : ते व्हाउचर वापरू नका. मुलीलाही वापरू देऊ नका. नोटिशीत ‘व्हाउचर न वापरता परत करण्यास तयार आहे’ असं लिहा.

‘त्या उशिरा आल्या’ हा कंपनीचा ठरलेला बचाव. त्यासाठी टॅक्सीची पावती, चेक-इनचा मेसेज, आणि काउंटरवरून तुम्ही मुलीला पाठवलेला ‘मला जाऊ देत नाहीत’ हा व्हॉट्सअ‍ॅप जपा. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. त्याची प्रिंट देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा. काउंटरजवळचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं, असं कंपनीला ईमेलने लगेच कळवा. ते फार दिवस राहत नाही. हवामानाचं कारण दिलं तर एवढंच विचारा, बाकीचे प्रवासी त्याच विमानाने गेले ना?

पैसे मुलीने भरले म्हणून अडत नाही. ज्याच्यासाठी सेवा घेतली तोही कायद्याने ग्राहकच असतो.

आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला) ईमेल आणि स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या. सोबत सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. दाद मिळाली नाही तर ओरोसला, सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात जा. मुंबईला खेटे घालायची गरज नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथे दावा लावता येतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइन भरता येते. मुदत २ वर्षांची आहे, पण एवढं थांबू नका, चित्रण आणि आठवणी दोन्ही पुसट होतात.

डीजीसीएची कमाल रक्कम म्हणजे तुमच्या मागणीची हद्द नव्हे. ग्राहक कायद्यातले हक्क इतर नियमांच्या जोडीला असतात. १५,६०० बरोबरच डोंबिवलीला परतण्याचा टॅक्सीखर्च, मानसिक त्रास आणि दाव्याचा खर्च मागा. पाच लाखांसारखा आकडा मात्र टाकू नका. मानसिक त्रासाचे २५,००० मागितलेत तर ते मला रास्त वाटतील.

आणि त्या त्रासाबद्दल लिहिताना ‘अतोनात मनस्ताप झाला’ हे छापील वाक्य नको. यजमानांशिवायचा पहिला गणपती, भटजींची ठरलेली वेळ, गणपतीवर तुम्ही बांधायची राहिलेली फळापानांची माटवी, संध्याकाळी घरात शिरलात तेव्हाची ती आटोपलेली पंगत, हे जसं मला लिहिलंत तसंच प्रतिज्ञापत्रात मराठीत लिहा. मसुदा झाला की पाठवा, मी वाचून देईन.