म्हैस दोनदा उलटली, म्हणजे कृत्रिम रेतन करूनही गाभण राहिली नाही, तर गोठवलेल्या कांडीतलं (वीर्याच्या बारीक नळीतलं) बीज मेलेलं असतं काय?
सगळं मरत नाही, पण निम्म्याच्या आसपास जातंच. उणे 196 डिग्रीच्या द्रव नायट्रोजनपर्यंत थंड होताना नि परत वितळताना बर्फाच्या कणांनी शुक्राणूचं आवरण फाटतं, म्हशीचं बीज तर गायीपेक्षा नाजूक. वाचलेलेही ताज्या बीजाइतके टिकत नाहीत, म्हणून वेळ फार महत्त्वाची, सकाळी माज (गाभण राहायच्या काळाची लक्षणं) दिसला तर संध्याकाळी भरवा, म्हणजे रेतन करून घ्या, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. कांडी 37 डिग्रीच्या पाण्यात 30 सेकंद, थर्मामीटर लावूनच, मग पुसून कोरडी करून लगेच वापरायची. आपल्या खानापूर-निपाणीकडं काहीजण हातावर चोळून नाहीतर खिशात ठेवून वितळवतात, तसं दिसलं तर सरळ थांबवा हो, आणि एकदा वितळलेली परत नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये टाकलेली कांडी तर अजिबात घेऊ नका.