‘पेट साउंड्स’ची साधी सीडी आहे, ५०व्या वर्षाची डीलक्स आवृत्ती घ्यावी का?

हो, वाद्यमेळ कसा बांधलाय हे ऐकायचं असेल तर नक्की घ्या. नुसती गाणी ऐकायला तुमची सीडी पुरेशी आहे. बीच बॉइज या अमेरिकन बँडचा हा अल्बम १९६६मध्ये मोनोत आला, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज, स्टीरिओसारखा डावा-उजवा वेगळा नाही. बँडचा संगीतकार आणि या अल्बमचा निर्माता ब्रायन विल्सन याला उजव्या कानाने जवळपास ऐकू येत नसे, त्यामुळे त्याने सगळं मोनोतच मनात धरलं होतं. २०१६च्या संचात ४ सीडी आणि १ ब्लू-रे आहे. त्यात मोनो आणि स्टीरिओ दोन्ही, शिवाय नुसती वाद्यं, नुसते आवाज आणि स्टुडिओतले तालमीचे तुकडे. ‘गॉड ओन्ली नोज’मधला फ्रेंच हॉर्न, अ‍ॅकॉर्डियन, तंतुवाद्यं आवाजाशिवाय ऐका, एरवी एकजीव वाटणारा तो नाद किती थरांचा आहे ते तेव्हा कळतं. मी दोन्ही ऐकलेत, आणि माझ्यासाठी हा वाद्यांचा भागच किमतीचा आहे.

फक्त एक: स्टीरिओ मिक्स १९९०च्या दशकात ध्वनी अभियंता मार्क लिनेटने जुन्या टेपा जुळवून केला. तो सुरेख आहे, पण ‘वुडन्ट इट बी नाइस’सारख्या गाण्यात त्याचे बारकावे मूळ मोनोपेक्षा वेगळे आहेत. म्हणून पहिल्यांदा मोनोच ऐका.