वाचकांचे प्रश्न : सत्ता आणि विषमता वाचायची कशी?

प्रश्न : दहावीनंतर यंत्रमागावर काम करतो. राजकारण आणि विषमता समजून घ्यायची म्हणून अर्थशास्त्राचं एक जाड भाषांतर आणलं, पण पन्नास पानांतच अडकलो. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ते पुस्तक विकून टाकू नका, वर्षभराने उपयोगी पडेल. तुम्ही अडकलात यात तुमचं काही चुकलेलं नाही. अशी पुस्तकं परदेशांतल्या करनोंदींवर उभी असतात आणि तिथलं जगणं वाचकाला ठाऊक आहे असं धरून चालतात. आपल्या मातीतून सुरुवात करा. जोतीराव फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ हे 1883 मधलं लेखन पाच प्रकरणांचं आहे. ते क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. आधी चौथं प्रकरण घ्या. त्यात शेतकऱ्याचं घर, कपडे, जेवण, कर्ज सगळं डोळ्यांपुढे येतं. मग पहिलं आणि दुसरं वाचा, म्हणजे त्याच्या हातचा पैसा धर्मविधी आणि सरकारी कचेऱ्या यांच्या वाटेने कुठे गेला ते कळेल. नंतर उपाय सांगणारं पाचवं. प्राचीन इतिहासात शिरणारं तिसरं प्रकरण शेवटी ठेवा, कारण बरेच वाचक तिथेच दमतात. रोज दहा पानं पुरेत. भाषा जुनी आहे, पण मोठ्याने वाचली की निम्मी अडचण जाते.

सोबत दोनशे पानी वही ठेवा आणि प्रत्येक प्रकरणानंतर चार प्रश्नांची उत्तरं अर्ध्या पानात लिहा : निर्णय कोणी घेतला? किंमत कोणी मोजली? फायदा कोणाला झाला? आणि कोणाची नोंदच नाही? चौथा प्रश्न बहुतेकांकडून सुटतो आणि सगळ्यात जास्त तोच शिकवतो. मग हेच प्रश्न आपल्या कारखान्याला लावा. सुताचा भाव वाढला की मजुरी कोण ठरवतं? उचल घेतलेल्या कामगाराला दुसऱ्या मालकाकडे जाता येतं का? घरी विड्या वळणाऱ्या बाईला 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने कामगार मानलं. तिचं नाव प्रत्यक्षात कोणत्या वहीत आहे? पुस्तकातली सत्ता आपल्या गल्लीत ओळखता आली तरच ते वाचून झालं, असं आम्ही मानतो.

यानंतर डॉ. आंबेडकरांचं 1936 मधलं जातिनिर्मूलनावरचं भाषण वाचा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावलं, मजकुरावर आक्षेप घेतला आणि परिषदच रद्द केली, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. जातीमुळे केवळ कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीही उतरंड लागते, हा त्यातला मुद्दा आपल्या शहराला ताडून पाहा : मागावर कोण, विडीवर कोण, गटारीत कोण? मराठी भाषांतरं अनेक आहेत. गाळलेलं, संक्षिप्त केलेलं घेऊ नका.

प्रश्न : एका लेखात विषमता घटली, दुसऱ्यात वाढली. दोन्हींत सरकारी आकडे. खरं काय मानायचं?
– बी.ए.ची विद्यार्थिनी, विजापूर रोड

उत्तर : बहुतेक वेळा दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. खर्चाची विषमता, उत्पन्नाची विषमता आणि मालमत्तेची विषमता या तीन गोष्टी आहेत, आणि खर्चाची सहसा सर्वांत कमी दिसते. गरीब घर मिळेल ते सगळं खर्च करतं, प्रसंगी कर्ज काढून. श्रीमंत घर मोठा हिस्सा शिल्लक टाकतं आणि ती शिल्लक खर्चाच्या पाहणीत येत नाही. आपल्याकडची मोठी सरकारी पाहणी घरखर्चाची आहे. 2011-12 नंतर 2017-18 मध्ये ती झाली, पण तिचे निकाल सरकारने जाहीर केले नाहीत. मग थेट 2022-23 ची पाहणी आली, आणि तीही बदललेल्या पद्धतीने. त्यामुळे 2011-12 शी सरळ तुलना केलेली दिसली की सावध व्हा. अतिश्रीमंत घरं अशा पाहण्यांत सापडतही नाहीत. ती शोधायला प्राप्तिकराच्या नोंदी लागतात.

दुसरा घोटाळा सरासरीचा. चार घरांचं महिन्याचं उत्पन्न दहा-दहा हजार आणि पाचव्याचं 1,60,000 असेल तर सरासरी 40,000 निघते, आणि त्या रकमेच्या आसपास एकही घर नसतं. म्हणून घरं उत्पन्नाच्या क्रमाने लावून मधल्या घराचं उत्पन्न विचारा. इथे ते 10,000 आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्यात 11 तालुके आहेत. नीरेच्या कालव्याखालचा माळशिरस आणि कोरडवाहू मंगळवेढा एकाच जिल्हा-सरासरीत घातले की दोघांचंही चित्र बिघडतं. तक्त्याखालची बारीक ओळ आधी वाचायची सवय लावा : वर्ष कोणतं, कोणी मोजलं, टक्के कशाचे. ‘दरडोई’ दिसलं तर लोकसंख्या कोणत्या वर्षाची धरली तेही बघा. 2021 ची जनगणना झाली नाही, त्यामुळे अनेक ठिकाणी 2011 चे आकडे, आपल्या जिल्ह्यापुरते सुमारे 43 लाख, अजून वापरात आहेत किंवा अंदाज चालतो.

प्रश्न : सोलापूरच्या संदर्भात काय वाचावं?
– निवृत्त शिक्षक, बाळे

उत्तर : 1930 चा मार्शल लॉ आणि 12 जानेवारी 1931 ला फाशी गेलेले चार हुतात्मे यांवर तुम्ही वाचलं असेलच. आम्ही इंग्रजांचं 1884 चं सोलापूर गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, सुचवू, पण राज्यकर्त्यांचा कागद म्हणून वाचा. त्यांनी पीक, सारा आणि जाती मोजल्या, कारण राज्य चालवायला तेवढंच लागत होतं. पुढे सेटलमेंटचा, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना डांबायच्या सरकारी वसाहतींचा, इतिहास घ्या. 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी माणसाला जन्मावरून गुन्हेगार ठरवलं, सोलापुरात अशी कुटुंबं कुंपणाआड ठेवली आणि 1952 मध्ये कायदा रद्द झाल्यावरही लोकांच्या नजरेतला शिक्का गेला नाही. सरकारी अहवाल आणि विमुक्त (या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या) लेखकांची आत्मकथनं शेजारी ठेवून वाचलीत, तर एकाच वस्तीचं वर्णन किती वेगळं होतं ते दिसेल.

प्रश्न : आमचं महिलांचं वाचनमंडळ दर वेळी चार बैठकांत बंद पडतं. काय करावं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : घरी वाचून या, ही अट काढा. दिवसभर राबणाऱ्या बाईला ती पाळता येत नाही, मग ती लाजून यायचीच थांबते. बैठकीतच चाळीस मिनिटं मोठ्याने वाचा, उरलेला अर्धा तास बोला. दहा-बारा जणींपेक्षा जास्त नको. सुरुवातीला ताराबाई शिंद्यांचं 1882 मधलं ‘स्त्री-पुरुष तुलना’ घ्या; छोटं आहे, धारदार आहे, दोन-तीन बैठकांत संपतं. प्रत्येकीने एक पटलेलं आणि एक न पटलेलं वाक्य सांगायचं. नुसतं पटलेलं सांगायला लावलं की चर्चेची आरती होते.

पाचव्या बैठकीला नगरपालिकेचा अर्थसंकल्प आणा. त्यात सहसा गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. महिला-बालकल्याण किंवा स्वच्छतागृहं असं एकच शीर्ष (खर्चाचं खातं) निवडा. यंदाच्या पुस्तिकेत ज्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च आहे, त्याच वर्षाचा मूळ अंदाज दोन वर्षांपूर्वीच्या पुस्तिकेतून काढून शेजारी लिहा. भाषणांत अंदाजच सांगितला जातो. या तुलनेसाठी दोन्ही वर्षांच्या पुस्तिका लागतील. मिळाल्या नाहीत तर माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे, पुढच्या 30 दिवसांच्या आत. अर्जात ‘सर्व माहिती द्या’ असं लिहू नका, तो टोलवायला सोपा जातो. वर्ष, शीर्ष आणि रकाना नेमका लिहा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.