सुक्या मिरचीतील लोह आणि जीवनसत्त्वे

प्रश्न : दर उन्हाळ्यात आम्ही मार्केट यार्डातून बेडगी आणि लवंगी मिरची आणून, गच्चीवर वाळवून, डंकावर वर्षाचे तिखट कुटून घेतो. सुक्या मिरचीत लोह आणि क जीवनसत्त्व भरपूर असते असे वाचल्यापासून सासूबाई माझ्या मुलीच्या भाजीत मुद्दाम जास्त तिखट घालतात, कारण तिचे हिमोग्लोबिन कमी आहे. हे योग्य आहे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : लोहाबद्दल आपण वाचले ते खरे असले, तरी असे आकडे १०० ग्रॅम मिरचीचे असतात. उन्हात वाळवलेल्या तेवढ्या तिखट मिरचीत सुमारे ६ मिलिग्रॅम लोह, साडेदहा ग्रॅम प्रथिने आणि २८ ग्रॅमांहून अधिक तंतू असतात. ताज्या मिरचीच्या वजनात सुमारे ८८ टक्के पाणीच असते व ते उडून गेल्यावर उरलेले घटक दाट होतात, म्हणून हे प्रमाण एवढे मोठे दिसते. दिवसाला ५ ग्रॅम तिखट पोटात गेले असे धरले, तर त्यातून ०.३ मिलिग्रॅम लोह मिळते आणि वनस्पतिजन्य असल्यामुळे त्यातलेही थोडेच अंगी लागते. तेवढ्यासाठी मुलीच्या पोटाला त्रास देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

क जीवनसत्त्व ताज्या लाल मिरचीत १०० ग्रॅमला १४० मिलिग्रॅमच्या आसपास असते. वाळल्यावर, इतर घटक कित्येक पटींनी वाढूनही, ते जेमतेम ३० उरते आणि फोडणीच्या आचेने आणखी घटते.

सुक्या मिरचीत खरोखर भरपूर असते ते अ जीवनसत्त्व, जे बीटा कॅरोटिनसारख्या रंगद्रव्यांपासून शरीर तयार करते. ही द्रव्ये तेलात विरघळतात, त्यामुळे तिखट फोडणीत घालण्याची आपली पद्धत पोषणाच्या दृष्टीनेही चांगली आहे. मात्र ती उजेडाने नष्ट होतात. म्हणून मिरची कडकडीत वाळताच उचलावी आणि तिखट घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या फडताळात ठेवावे. देठ खुडताना आत बुरशी दिसलेली मिरची टाकूनच द्यावी, कारण बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष कुटल्याने किंवा तळल्याने पुरते जात नाही.

मुलीसाठी रंगाला गडद, पण तिखटपणाला सौम्य अशी बेडगी बेताने वापरावी. हिमोग्लोबिन का कमी आहे हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, आहारात डाळी, बाजरी, पालेभाज्या आणि हळीव ठेवावेत आणि लिंबू शिजवताना न घालता ताटात वाढल्यावर पिळावे.