भावाचा पीएफ आणि पीएचडीची पाच वर्षं

‘पीएचडीच्या नादात आयुष्यात मागे पडलो का? आता हे भरून निघेल का?’ समुपदेशनासाठी माझ्याकडे येणारे संशोधक वेगवेगळ्या शब्दांत हेच विचारतात. त्यातली एक गोष्ट सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ती आली झोप लागत नाही म्हणून. वय 34, वनस्पतिशास्त्रात पीएचडी, सध्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतंच मानधन. दुसऱ्या भेटीत खरं कारण बाहेर आलं. दिवाळीत धाकट्या भावाने मोबाइलवर पीएफचा आकडा सहज दाखवला होता. डिप्लोमा करून तो एकविसाव्या वर्षी चाकणला कामाला लागला. “ताई, माझ्याकडे दाखवायला असं खातंच नाही,” ती म्हणाली आणि रडली.

अशा वेळी ‘शिक्षण कधी वाया जात नाही’ असं म्हणणं मला पटत नाही. नुकसान खरं असतं आणि ते मान्य करायलाच हवं. 2017मध्ये तिला जेआरएफ, म्हणजे पीएचडीसाठीची सरकारी फेलोशिप, मिळाली तेव्हा महिना 25,000 होते. 2019मध्ये दोन वर्षं पूर्ण झाल्यावर 35,000. ती 2022मध्ये बाहेर पडली आणि जानेवारी 2023पासून हीच फेलोशिप पहिली दोन वर्षं 37,000 आणि त्यानंतर 42,000 झाली. फेलोशिप हा पगार नसतो, त्यामुळे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. तिची फेलोशिप महिनोन्‌महिने रखडायची आणि एकदम यायची, तोवर मैत्रिणींची उधारी फेडायची असायची. पुढे बँकेत गेली तर सॅलरी स्लिप मागितली. आता सुट्टीचे महिने बिनपगारी.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. त्या पाच वर्षांत महिन्याला 2,000 बाजूला पडले असते, तर 7.1 टक्के व्याजाने, म्हणजे पीपीएफ या सरकारी बचत योजनेच्या आजच्या दराने, शेवटी सुमारे 1 लाख 44 हजार झाले असते. तेच पुढे 25 वर्षं हात न लावता ठेवले, तर जवळपास 8 लाख. सुरुवातीच्या वर्षांचा पैसा सगळ्यात जास्त काळ वाढतो आणि नेमकी तीच वर्षं तिच्या हातून गेली. आकडा बघून ती घाबरेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, “एवढाच? मला वाटत होतं, सगळंच गेलं.”

पण त्याच कागदावर आणखी एक ओळ निघाली. भावाच्या वास्तुशांतीला तिने सोन्याचं नाणं दिलं होतं, पर्सनल लोन काढून. घरी दरमहा 5,000 देत होती, कुणी मागितले नसताना, ‘शिकून बसलीय’ असं कुणी म्हणू नये म्हणून. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती इथे. कमी मानधन व्यवस्थेने दिलं, पण त्याची लाज ही मुलं स्वतःच्या खिशातून फेडत राहतात.

त्यामुळे पहिलं काम बचतीचं नव्हतं. घरी खरा आकडा सांगायचा होता. तीन आठवडे तिने टाळलं. सांगितलं तेव्हा आई नाण्यावरून चिडली, वडील काहीच बोलले नाहीत, आणि महिन्याचे पैसे घ्यायचं दोघांनी बंद केलं. त्या पैशांतून आधी लोन संपवायचं, मग स्वतःच्या नावाने आरोग्य विमा, आणि वर्षाला 500 भरूनही चालू राहतं म्हणून पीपीएफ, असं आम्ही ठरवलं. प्राध्यापक भरतीची वाट किती दिवस पाहायची, याचीही तारीख तिने स्वतः ठरवली. ती तारीख माझ्या मते जरा लांबची आहे, पण निर्णय तिचा.

गेल्या महिन्यात आली तेव्हा मागच्या सत्राचं मानधन अजून मिळालेलं नव्हतं. “ऑफिसात विचारायला गेले होते,” म्हणाली. “सोमवारी परत जाणार आहे.” आधीची दोन वर्षं ती विचारायलाही जात नव्हती.