पावणेअकराचा फोन

*‘ताई, आम्ही ओहायोत, कोलंबसला राहतो. बायको हृदयाच्या आयसीयूत नर्स आहे. दोन वर्षांपासून ट्रॅव्हल नर्सिंग करते. १३ आठवड्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग थोडे दिवस घरी, की पुन्हा दुसरं. सध्या कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोला आहे. पैसा चांगला मिळतो, आणि ती इतकी तरबेज आहे की बायपासचा ताजा पेशंट थेट तिच्याकडे देतात. पण ६ वर्षांच्या मुलीचं सगळं मी बघतो: डबा, शाळा, पोहणं, शनिवारची मराठी शाळा. बायको घरी आली की गप्प असते, झोपून असते. विचारलं तर ‘काही नाही’. एरवीही धड बोलणं होत नाही. नाईट संपली की तिचा फोन पावणेअकराला येतो, तेव्हा माझी मीटिंग असते, आणि रात्री मी केला तर ती घाईत असते. इथेच कायमची नोकरी घे, हे तिला कसं पटवू?’*

तुमच्या पत्रातलं एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि ते डब्याचं नव्हे. फोन पावणेअकराला येतो, तेव्हा मीटिंग असते. एवढं लिहून तुम्ही पुढे निघून गेलात.

कोलंबसला पावणेअकरा म्हणजे सॅक्रामेंटोला पावणेआठ. संध्याकाळी सातला लागलेली तिची ड्यूटी सकाळी सातला संपते, दिवसाची नर्स येते, पेशंटच्या कॉटजवळ उभं राहून हँडओव्हर होतो, साडेसात तिथेच वाजतात. मग ती गाडीत येऊन बसते आणि पहिला फोन तुम्हाला लावते. तुम्ही मुलीला झोपवून रात्री नऊला लावता, तेव्हा तिकडे सहा वाजलेले असतात आणि ती डबा भरून निघायच्या तयारीत असते. सातला हजर व्हायचंय म्हटल्यावर घाई असणारच! म्हणजे बोलायची वेळ तिने निवडली होती, ती तुम्ही कटाप केलीत, आणि वर तक्रार ही की धड बोलणं होत नाही.

त्या रात्री असतात कशा, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ‘ताजा पेशंट थेट तिच्याकडे देतात’ हे तुम्ही कौतुकाने लिहिलंत, म्हणून विचारते. तो ऑपरेशन थिएटरमधून येतो तेव्हा बेशुद्ध असतो. तोंडात व्हेंटिलेटरची नळी, मानेतून हृदयात गेलेला कॅथेटर, मनगटाच्या धमनीत लाइन, छातीतून बाहेर काढलेले ड्रेन, पेसमेकरच्या तारा. पहिले काही तास सहसा एका नर्सकडे तेवढा एकच पेशंट ठेवतात. ड्रेनमध्ये किती रक्त उतरलं ते ती मोजत बसते. फार आलं तर काळजी. पण चांगलं वाहणारं अचानक थांबलं तर जीव टांगणीला लागतो, कारण तेच रक्त हृदयाभोवती साठून त्याला आवळत असू शकतं. बीपी पडायला लागतं, सर्जनला फोन जातो. कधी कधी थिएटरपर्यंत न्यायलाही वेळ नसतो; छाती तिथेच, कॉटवर उघडतात. तुमची बायको तेव्हा हाताशी उभी असते. पेशंट वाचला तर पुढचं औषध लावायचं, गेला तर नळ्या-तारा आवरून, त्याचं तोंड पुसून, बाहेर बसलेल्या घरच्यांना आत घ्यायचं. आणि सातला हसऱ्या चेहऱ्याने हँडओव्हर द्यायचा.

कायमच्या स्टाफमध्ये अशा रात्रीनंतर दोघी-तिघी चहाच्या खोलीत टेकतात, एखादी रडून घेते. ट्रॅव्हलरला एक-दोन ड्यूट्यांचं ओरिएंटेशन देऊन कामाला जुंपतात. ओळख वाढेपर्यंत बॅग भरायची वेळ येते. रडायचं तर कोणापाशी? म्हणून तो पावणेआठचा फोन. पेशंटची ओळख ती अमेरिकेच्या कायद्याने तुम्हालाही सांगू शकत नाही. एवढंच सांगेल की आज एक गेला. किंवा त्याच्या मुलीने घरून लोकरीचे मोजे आणले होते, ते घालायचे राहूनच गेले. ही गोष्ट त्या सकाळी सांगायची असते. १३ आठवड्यांनी सोफ्यावर बसून ‘बोल ना, काय झालंय’ म्हटलं, तर ‘काही नाही’च ऐकायला मिळणार.

डबा, शाळा, पोहणं तुम्ही बघता. बघा. मुलगी दोघांची आहे. त्याबद्दल माझ्याकडे शाबासकी मागू नका.

नोकरीचं म्हणाल, तर कॅलिफोर्नियाच का, हे तिला कधी विचारलंत? ओहायोचं लायसन्स तिथे चालत नाही, वेगळं काढावं लागतं. ती खटपट करणाऱ्या बाईकडे काहीतरी कारण असणार. पैसा असेल. आयसीयूत एका नर्सकडे दोनापेक्षा जास्त पेशंट द्यायचे नाहीत असा त्या राज्याचा कायदा आहे, तेही असेल. मला माहीत नाही, आणि तुम्हालाही नाही. तोवर पटवापटवीचा विषय काढू नका.

फोन उचला, एवढंच करा. मीटिंग हलवा, नाही हलली तर बाहेर पडा. पहिले काही दिवस ती भाजीचे भाव सांगेल, गाडीचा आवाज येतोय म्हणेल, ऐका. ‘मग सोड ना ते काम’ हे वाक्य तोंडातून काढू नका. गाडी चालवत असेल तर फोन स्पीकरवर हवा, आणि ती घराचं दार उघडेपर्यंत तुम्ही फोनवर हवेत. रात्रभर जागून फ्रीवेला लागलेल्या माणसाच्या डोळ्यांवर झापड येते, आणि ही भीती तुमच्या चार पानांत कुठेही नव्हती, याचा मला खरंच राग आला.

या आठवड्यात तिच्या नाईट कोणत्या वारी आहेत, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. आजच विचारून घ्या, आणि त्या रात्रींच्या दुसऱ्या दिवशी पावणेअकरा ते साडेअकरा कॅलेंडरवर अडवून ठेवा. मॅनेजरने विचारलं तर बायको नाईट करून गाडी चालवतेय, एवढं सांगा.